गोचिडाच्या पोटातलं रक्त कुणाचं?

कुत्र्याच्या कानामागून हात फिरवताना बोटाला चण्याएवढी टणक गाठ लागते. केस बाजूला करून पाहावं तर करड्या रंगाचा, रक्तानं टम्म फुगलेला गोचीड. मग चिमटा शोधायचा, गोचीड ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायचा आणि वाटी बाहेर रिकामी करायची, ही बहुतेक घरांतली रीत. प्रयोगशाळेत हाच गोचीड अल्कोहोलच्या कुपीत जातो, कारण कुत्र्याला झालेल्या किंवा होऊ घातलेल्या आजाराचा माग त्याच्या पोटात असू शकतो. त्या पोटात कोणते जंतू आहेत हे शोधणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते सापडलेला जंतू गोचिडाच्या अंगात वस्तीला आहे, की नुकत्याच प्यायलेल्या रक्ताबरोबर आत आलाय, हे ठरवणं. ‘अमुक टक्के गोचीड बाधित’ असं वाचलं की मला आधी हाच प्रश्न पडतो.

भारतातल्या शहरी कुत्र्यांवर सर्वाधिक आढळतो तो तपकिरी गोचीड, शास्त्रीय कुळ ऱ्हिपिसेफॅलस. रक्त पिऊन तट्ट झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीच्या फटीत किंवा फरशीच्या सांध्यात शिरते आणि तिथं हजारो अंडी घालून मरते. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती कुत्र्यावर चढून रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. ते पिल्लू पुन्हा रक्त पिऊन, कात टाकून प्रौढ होतं. म्हणजे आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढायचं, आणि प्रत्येक वेळी कुत्रा वेगळा असू शकतो. एका कुत्र्याचा जंतू दुसऱ्याकडे पोचतो तो या वाटेनं. नर तर प्रौढ झाल्यावरही थोडं थोडं रक्त पीत एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जातात.

कुत्रा पाळणारे ज्याला सरसकट ‘टिक फीव्हर’ म्हणतात तो एक आजार नाही. एर्लिचिया कॅनिस हा जिवाणू श्वेतपेशींत राहतो. त्याच्या बाधेत रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटतात आणि कधी नाकातून रक्त वाहू लागतं. १९३५ साली अल्जीरियात त्याची पहिली नोंद झाली, पण जगाचं लक्ष त्याच्याकडे वळलं ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड कुत्रे त्यानं दगावू लागले तेव्हा. बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्याची गिब्सोनी ही जात १९१० साली मद्रासमधल्या कुत्र्यांच्या रक्तात सापडली. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस हा जिवाणू थेट रक्तबिंबिकांतच घर करतो. हेपाटोझून या परजीवीची तऱ्हा या सगळ्यांहून वेगळी आहे. तो गोचीड चावल्यानं होत नाही. अंग चाटता-चावता कुत्रा गोचीड गिळतो, तेव्हा हा परजीवी पोटातून शरीरात शिरतो.

हे जंतू ओळखण्याची जुनी पद्धत सूक्ष्मदर्शकाची. कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, गिम्झा रंग द्यायचा आणि भिंगाखाली शोधत बसायचं. एर्लिचिया पेशीत पुंजक्यानं दिसतो. तुतीच्या फळासारख्या त्या आकारामुळे त्या पुंजक्याला मोरुला म्हणतात. पण जंतू थोडे असतील, तर तासभर पाहूनही एक मोरुला दिसत नाही. तो दिसला नाही म्हणजे आजार नाही, असं मग म्हणता येत नाही.

पीसीआर तंत्रानं हा खेळ बदलला. पण अडचण सुरू होते ती गोचिडापासूनच. त्याचं कवच चिवट असतं. आधी अल्कोहोलनं धुऊन अंगावर बाहेरून चिकटलेलं सगळं काढावं लागतं. मग पात्यानं तुकडे करून किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पूड करतात आणि तिच्यातून डीएनए वेगळा काढतात. हव्या त्या जंतूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या प्रती काढणं हे पीसीआरचं काम. सुमारे ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात. तापमान उतरलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे जुळणारी जागा पकडतात. ७२ अंशांच्या आसपास विकर, म्हणजे एन्झाइम, नवा धागा विणतं. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे तत्त्वतः १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. जिवाणूंसाठी बहुधा १६एस आणि बबेसिया-हेपाटोझूनसाठी १८एस हे जनुक निवडतात, आणि मिळालेल्या तुकड्याचा क्रम वाचून जात नक्की करतात.

इथं गोचिडाचं जेवणच आडवं येतं. रक्तातला हीम हा घटक पीसीआरमधल्या विकराला रोखतो. जंतू असूनही उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं. म्हणून त्याच नमुन्यात गोचिडाचं स्वतःचं जनुक सापडतं का, हेही तपासतात. तेच सापडलं नाही, तर ‘नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही.

उलट दिशेनंही फसगत होते. कासेला लागूनही दूध सोडून रक्तच पिणारा गोचीड ही उपमा मराठीत जुनी आहे. पण नुसत्या रक्तावर कुणाचं भागत नाही, त्यात बी गटातली जीवनसत्त्वं फार कमी असतात. ती उणीव गोचिडाच्या अंगातले सहजीवी जिवाणू भरून काढतात. तपकिरी गोचिडातला हा सहजीवी कॉक्सिएला कुळाचा, म्हणजे माणसाला क्यू-ताप देणाऱ्या जंतूचा नातलग. चाचणी नीट बेतलेली नसेल, तर या निरुपद्रवी पाहुण्यालाच रोगजंतू समजून घबराट उडू शकते.

आता सुरुवातीचा प्रश्न. कुत्र्याच्या अंगावरून काढलेल्या गोचिडात एर्लिचियाचा डीएनए सापडला. कुत्रा आजारी असेल, तर त्याचं रक्त पिणाऱ्या कुठल्याही गोचिडात, अगदी तो जंतू पसरवू न शकणाऱ्या जातीतही, हा डीएनए सापडू शकतो. त्यातून कुत्र्याविषयी कळतं, गोचिडाविषयी फारसं कळत नाही. म्हणून काही संशोधक गोचिडांची रक्त प्यायलेली पिल्लं दमट हवेच्या बरणीत जिवंत ठेवतात. त्यांनी कात टाकून प्रौढ होईपर्यंत थांबायचं, पुढचं रक्त मिळण्याआधी तपासायचं. तेव्हाही जंतू असला, तर तो गोचिडात टिकला. दुसरी वाट म्हणजे बारीक चिरफाड करून लाळग्रंथी वेगळ्या तपासायच्या, कारण दंशातून पुढे जायचं तर जंतूला लाळेत यावंच लागतं. अंडीही बोलतात. बबेसिया मादीकडून अंड्यांत उतरतो, एर्लिचिया कॅनिस उतरत नाही.

रानात हा गुंता कमी असतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापानं फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नवा विषाणू शोधला. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तोच माकडताप अलीकडच्या वर्षांत गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे पोचला. तिथं गोचीड गोळा करताना पांढरं फडकं पालापाचोळ्यावरून ओढत नेतात. भक्ष्याची वाट पाहत बसलेले उपाशी गोचीड त्याला चिकटतात. पोट रिकामं असल्यानं त्यांच्यात सापडलेला विषाणू त्यांच्याच अंगातला ठरतो. फक्त या विषाणूत डीएनए नसून आरएनए हा नाजूक रेणू असल्यानं नमुना थंडगार ठेवावा लागतो, नाहीतर पुरावा वाटेतच नष्ट होतो.

कुत्र्यांच्या बाबतीत पुरावा दोन्हीकडून जुळवावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या ५२५ भटक्या कुत्र्यांचं रक्त पीसीआरनं तपासलं होतं. सुमारे ३० टक्के कुत्र्यांत हेपाटोझून, तर साधारण दर पाचातल्या एकात एर्लिचिया निघाला. असे रक्ताचे आकडे आणि त्याच भागातल्या गोचिडांचे आकडे शेजारी ठेवले, तरच कुठल्या गल्लीत कोणता आजार फिरतोय हे उमगतं.

माणसांचाही यात संबंध आहे. रिकेट्सिया कोनोराय हा भारतीय टिक टायफसचा जंतू कुत्र्याच्या गोचिडातून माणसाकडे येऊ शकतो. ताप, आणि तळहात-तळपायांवरही उमटणारे लाल ठिपके ही त्याची खूण. असा ताप आला, तर कुत्र्यावर किंवा स्वतःच्या अंगावर गोचीड दिसला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिननं तो बरा होतो.

गोचीड रोजच्या रोज काढणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. चावल्यापासून अवघ्या तीन तासांत एर्लिचिया कुत्र्याच्या अंगात शिरू शकतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे गोचीड मारणारं औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानं नियमित द्यावं लागतं. काढताना तो बोटांनी चिरडू नका. बारीक चिमट्यानं कातडीलगत, तोंडाजवळ धरून सरळ वर ओढा. कुत्रा मलूल असेल, जेवत नसेल, तर तो गोचीड फेकूनही देऊ नका. अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटलीत टाकून पशुवैद्यांकडे न्या. बाटलीत कागदाची चिठ्ठी घाला, तिच्यावर तारीख आणि जागा लिहा, आणि ती पेन्सिलीनंच लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.