पार्श्वभूमी: मराठी कळफलक ‘आयएन’च्या फाइलीत कसा गेला

लिनक्सवर कळफलकाचा नकाशा (कोणत्या कळीला कोणते अक्षर) बदलणाऱ्या ‘सेटएक्सकेबीमॅप’ या आज्ञेला भारताचा कोड ‘आयएन’ दिला की कळफलक देवनागरी होतो. मराठी भाषेचा कोड ‘एमआर’ दिला तर नकाशा लोड होत नाही. मराठी लिनक्सच्या कळफलक-नकाशांच्या संग्रहात आहे, पण भारताच्या फाइलीत, ‘मार-कागापा’सारखी (उच्चारानुसार टाइप करायची) उपप्रत, म्हणजे व्हेरिअंट म्हणून.

कळफलकाचे वर्णन कीकोड, टाइप्स, कॉम्पॅट, सिम्बॉल्स (कोणत्या कळीला कोणते चिन्ह) आणि जिओमेट्री अशा पाच भागांत करण्याची एक्सकेबी पद्धत १९९६ मध्ये एक्स-११च्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या ‘एक्स’ प्रणालीच्या, ६.१ आवृत्तीबरोबर रूढ झाली. सुरुवातीच्या संग्रहात भारतीय लिप्यांच्या फाइली वेगवेगळ्या होत्या: देवनागरीची ‘देव’, गुजरातीची ‘गुज’, बंगालीची ‘बेन’. पुढे संग्रहाची फेरमांडणी झाली तेव्हा लेआउटचे नाव म्हणजे देशाचा दोन अक्षरी कोड, असे ठरले. स्वतंत्र फाइली ‘आयएन’मध्ये विलीन झाल्या. जुन्या सेटिंग मोडू नयेत म्हणून ‘देव’ म्हणजे ‘आयएन’ची ‘देवा’ उपप्रत, अशा जोड्या नियमांत ठेवल्या गेल्या.

या निर्णयामागे कारण होते. युरोपात कळांवर छापलेली अक्षरे देशागणिक बदलतात, म्हणून स्वित्झर्लंडच्या ‘सीएच’खाली जर्मन आणि फ्रेंच दोन्ही बसणे रास्त आहे. भारतात मात्र जवळजवळ सगळीकडे अमेरिकी छापाचाच कीबोर्ड विकला जातो. बदलते ती भाषा. इथे देशाचा कोड वापरणाऱ्याला काहीच सांगत नाही. शिवाय भाषेचे आणि देशाचे कोड एकमेकांवर आदळतात. ‘एमएल’ ही भाषांच्या यादीत मल्याळम, पण लेआउट म्हणून माली देश. ‘एमआर’ हा देशांच्या यादीत मॉरिटानिया. नेपाळी देवनागरीला ‘एनपी’ ही स्वतःची फाइल मिळाली, कारण नेपाळ देश आहे. मराठीला ती मिळाली नाही. भारतीय भाषांपुरता हा निर्णय चुकीचा होता.

त्याचा त्रास आजही आज्ञा लिहिताना होतो. इंग्रजी आणि मराठी जोडीने हवे असेल तर लेआउट ‘यूएस,आयएन’ असे आणि व्हेरिअंट ‘,मार-कागापा’ असे द्यावे लागते. सुरुवातीचा स्वल्पविराम द्यायचा राहून गेला तर उपप्रत ‘यूएस’ला चिकटते आणि नकाशा बनत नाही. एक्सवर अशी चारच लेआउट एका वेळी चालतात.

विंडोजवरून आलेल्यांना दुसरीच अडचण येते. १९८६ मध्ये आलेल्या आणि १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीत शिफ्ट आणि ७ दाबले की क्ष येतो, ५ ला ज्ञ, ६ ला त्र. एक्सवर एका कळीच्या एका पातळीला (शिफ्टशिवाय पहिली, शिफ्टसह दुसरी) एकच चिन्ह देता येते आणि क्ष हे युनिकोडमध्ये तीन चिन्हे आहे. म्हणून तिथे हे जोडाक्षर क, हलन्त, ष असेच टाइप करावे लागते, नाहीतर आयबस आणि एम१७एनसारखी इनपुट पद्धत, म्हणजे दाबलेल्या कळांतून अक्षरे जुळवणारा वेगळा प्रोग्राम, घ्यावी लागते. संग्रहात कितीही दुरुस्ती केली तरी हे बदलत नाही.

ॲ चे तसे नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आले. एकच चिन्ह असल्याने ते कुठल्याही कळीवर बसते: सिम्बॉल्सच्या फाइलीत ‘आयएन’ची ‘देवा’ समाविष्ट करायची आणि हव्या त्या कळीच्या दुसऱ्या पातळीवर ‘यू०९७२’ लिहायचे.

ही फाइल ठेवायची कुठे, याचे उत्तर २०२० नंतर बदलले. यंत्रणेच्या ‘यूएसआर/शेअर’ फोल्डरातली मूळ फाइल बदलली तर पॅकेजच्या पुढच्या अद्ययावतीत बदल पुसला जातो. त्या वर्षीपासून नकाशे वाचणाऱ्या लिबएक्सकेबीकॉमन या लायब्ररीमुळे घरच्या फोल्डरातल्या ‘.कॉन्फिग/एक्सकेबी’मध्ये स्वतःच्या फाइली ठेवता येऊ लागल्या. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर त्या चालतात. एक्स सर्व्हर त्या वाचत नाही, तिथे नकाशा बांधणाऱ्या ‘एक्सकेबीकॉम्प’ आज्ञेलाच ‘-आय’ने फोल्डर दाखवावे लागते.

त्याच वर्षी लायब्ररीच्या १.० आवृत्तीबरोबर ‘एक्सकेबीसीएलआय’ हे तपासणीचे साधन आले. त्याची ‘कम्पाइल-कीमॅप’ आज्ञा चालू कळफलकाला हात न लावता नकाशा बांधून पाहते. ‘हाउ-टू-टाइप’ला अक्षराचा युनिकोड क्रमांक दिला की कोणती कळ, कोणत्या पातळीवर, ते कळते. नकाशा बरोबर बांधला जातो पण सेटिंगच्या यादीत दिसत नाही, असे झाले तर सिम्बॉल्सची फाइल पुन्हा तपासत बसू नये. यादी नियमांच्या फोल्डरातल्या ‘ईव्हीडेव्ह.एक्सएमएल’मधून येते. उपप्रतीची नोंद तिथे वेगळी करावी लागते, आणि त्या नोंदीत भाषेचा कोड म्हणून ‘एमएआर’ लिहायची जागा आहे.