रिझोनिंगची जनसुनावणी: बोलायचा हक्क सगळ्यांना, वजन मात्र शेजारच्या मालकाला

अमेरिकेत एखाद्या सिटी कौन्सिलची किंवा काउंटी बोर्डाची संध्याकाळची मीटिंग बघितली तर अजेंड्यावर बऱ्याचदा एखादा रिझोनिंगचा, म्हणजे एखाद्या जागेवर काय बांधता येईल याचा ठरलेला नियम बदलून मागणारा, अर्ज असतो. कोणाला स्वतंत्र घरांसाठी राखलेल्या जागेवर अपार्टमेंट बांधायचेत, कोणाला शेतजमिनीवर गोडाऊन काढायचंय, मग प्लॅनिंगवाले आपला रिपोर्ट मांडतात, अर्जदाराचा वकील बोलतो आणि मग माइक लोकांसाठी खुला होतो, माणशी दोन-तीन मिनिटं. ट्रॅफिक वाढेल, शाळा आधीच भरल्यात, पावसाचं पाणी आमच्या तळघरात येईल, हे सगळं बोलून होतं आणि शेवटी मतदान. ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडलीय की ती पहिल्यापासून अशीच असणार असं वाटतं, पण तसं नाहीये, ती शंभरेक वर्षांपूर्वी बसून, विचार करून ठरवली गेली आणि ती ठरवताना कोणाला सांभाळायचं होतं ते माहीत नसेल तर आजची भांडणं नीट कळतच नाहीत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

झोनिंग यायच्या आधी शेजारी कोणी कातडी कमवायचा कारखाना किंवा वीटभट्टी टाकली तर कोर्टात जाऊन उपद्रवाचा दावा लावणं एवढाच मार्ग होता, आणि तोही त्रास सुरू झाल्यावर. शहराचे आधीच भाग पाडून कुठे काय बांधायचं ते ठरवायची कल्पना जर्मनीतली, फ्रँकफर्टने 1891 मध्ये ते केलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसने 1908 मध्ये राहण्याचे भाग वेगळे काढले. आणि मग न्यूयॉर्क, 25 जुलै 1916, पूर्ण शहराला लागू होणारा पहिला मोठा कायदा. तिथे दोन गोष्टींनी लोक चिडले होते. एक म्हणजे मॅनहॅटनमध्ये 1915 ला उभी राहिलेली इक्विटेबल बिल्डिंग, चाळीसच्या आसपास मजले सरळ रस्त्यापासून वर, आजूबाजूच्या इमारतींचा उजेडच गेला. दुसरी म्हणजे फिफ्थ ॲव्हेन्यूच्या श्रीमंती दुकानांना शिवणकामाच्या कारखान्यांची, आणि तिथे काम करणाऱ्या स्थलांतरित कामगारांची, गर्दी नको होती. म्हणजे उजेड-हवेची काळजी आणि कोण शेजारी नको याची काळजी, दोन्ही पहिल्यापासून एकत्रच आल्या.

न्यूयॉर्कच्या त्या नियमांमध्ये एक कलम होतं ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नकाशात पुढे बदल करायचा झाला आणि त्या जागेच्या रस्त्यालगतच्या 20 टक्के भागाच्या मालकांनी लेखी विरोध केला, तर शहराच्या बोर्डाचं एकमत लागणार. नकाशा एकदा ठरला की त्याच्या भरवशावर लोक घरं घेतात, कर्ज काढतात, मग तो सहज बदलता येऊ नये असा विचार त्यामागे होता. विचार चुकीचा नव्हता हे मी मान्य करतो.

आता खरी मेख. 1921 मध्ये हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री झाले (राष्ट्राध्यक्ष पुढे झाले) आणि त्यांनी एक समिती नेमून राज्यांसाठी झोनिंगचा नमुना कायदा तयार करायला घेतला. न्यूयॉर्कच्या कामात पुढे असलेले वकील एडवर्ड बॅसेट या समितीत होते. पहिला मसुदा 1922 ला फिरला, छापील रूप 1924 ला आलं, सुधारित 1926 ला. एकेक राज्य तो जवळजवळ जसाच्या तसा उचलत गेलं, आणि आजही कित्येक राज्यांच्या कायद्यात त्यातली वाक्यं दिसतात.

त्यातल्या कलम 4 मध्ये जनसुनावणी आहे. झोनिंगचा कुठलाही नियम, जनसुनावणी झाल्याशिवाय लागू होणार नाही, संबंधित लोकांना आणि नागरिकांना बोलायची संधी मिळाली पाहिजे, आणि किमान 15 दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस. यातला 'आणि नागरिकांना' हा भाग मुद्दाम घातलेला. मसुदा करणाऱ्यांनी तळटीप देऊन सांगितलं की ज्यांच्या मालमत्तेला झळ बसते तेवढेच लोक नाही, तर कोणीही येऊन बोलू शकलं पाहिजे, कारण शहराच्या हिताविरुद्ध काही होत असेल तर त्यावर आवाज उठवायचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा. 1920 च्या दशकातल्या सरकारी कागदात हे वाचून मला खरंच आदर वाटतो.

पण लगेच खाली कलम 5. बदल होणाऱ्या जागेतल्या किंवा तिच्या अगदी मागच्या-समोरच्या 20 टक्के जमिनीच्या मालकांनी सही करून विरोध केला की साधं बहुमत चालणार नाही, एकूण सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतं लागतील. न्यूयॉर्कचाच नियम थोडा सैल करून देशभर नेला.

ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून बघा. एकात बोलायची मुभा सगळ्यांना, भाडेकरूला, पलीकडच्या वस्तीत राहणाऱ्याला, कोणालाही, आणि दुसऱ्यात मतांचं गणित बदलायची ताकद फक्त लगतच्या जमीनमालकाला. भाडेकरूंनी शंभर सह्या आणल्या तरी आकडा हलत नाही, चार मालकांनी आणल्या तर हलू शकतो. माझ्या मते या सुनावणीचा पुढचा सगळा इतिहास या दोन कलमांमधल्या अंतरातून निघालाय.

कोर्टांपुढे सुनावणीचा प्रश्न याच्याही आधी आला होता. सुनावणी मुळात लागते का, यावर सुप्रीम कोर्टाचे दोन जुने निकाल आहेत, दोन्ही कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचे. 1908 मध्ये मोजक्या मालकांवर रस्त्याच्या कामाचा खर्च लावला गेला होता, कोर्ट म्हणालं त्यांचं म्हणणं तोंडी ऐकून घ्यायलाच हवं होतं. 1915 मध्ये सगळ्या शहराच्या मालमत्तांचं मूल्यांकन 40 टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की जे सगळ्यांना सारखं लागू होतं तिथे प्रत्येकाला वेगळी सुनावणी देता येणार नाही, तिथे लोकांनी निवडणुकीतून जाब विचारायचा. आता रिझोनिंग यातलं कुठलं? एका माणसाचा एक प्लॉट आहे म्हणून पहिल्यासारखं, पण बदलतोय कायद्याचा नकाशा म्हणून दुसऱ्यासारखं. हा गुंता पुढे पन्नास-साठ वर्षं तसाच राहिला.

झोनिंगला घटनेचा आधार मिळाला 1926 मध्ये, सुप्रीम कोर्टात गेलेल्या, क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाच्या केसमध्ये. अँबलर रिअल्टीची 68 एकर जमीन होती, गावाने तिच्यावर बंधनं घातली, कंपनी हरली. त्या निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटला चक्क परोपजीवी म्हटलंय. पण दोनच वर्षांनी, 1928 मध्ये, सिएटलच्या एका केसमध्ये तेच कोर्ट वेगळं वागलं. गरीब वृद्धांसाठीच्या निवासाला परवानगी हवी होती आणि नियम असा की 400 फुटांच्या आतल्या दोन-तृतीयांश मालमत्तेच्या मालकांची लेखी संमती आणा. कोर्टाने ते रद्द केलं, शेजाऱ्यांच्या मर्जीवर असा निर्णय सोपवता येणार नाही, ते स्वार्थाने किंवा लहरीने वागू शकतात. म्हणजे शेजाऱ्याला पूर्ण नकाराधिकार द्यायचा नाही हे ठरलं, पण कलम 5 टिकलं कारण त्यात शेवटचं मत कौन्सिलचंच, फक्त उंबरठा वर जातो. व्यवहारात फरक किती, सात जणांच्या कौन्सिलमध्ये चार ऐवजी सहा मतं लागली की कळतं.

वंशभेद बाजूला ठेवून हा इतिहास सांगणं अप्रामाणिक होईल. बाल्टिमोरने 1910 मध्ये काळ्या आणि गोऱ्या लोकांनी कुठल्या गल्लीत राहायचं याचाच कायदा केला, तशाच लुइव्हिलच्या कायद्याला सुप्रीम कोर्टाने 1917 मध्ये घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर थेट तसं लिहिता येईना, पण प्लॉटचा किमान आकार, फक्त स्वतंत्र घरं, अपार्टमेंटला बंदी, यातून बरंचसं तेच साधता येत होतं. आणि सुनावणी ही ते बोलून दाखवायची जागा झाली, कधी उघड, बहुतेक वेळा आडून. शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्सची केस याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. एका धार्मिक संस्थेने आपल्या जमिनीतले 15 एकर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या 190 घरांसाठी द्यायचं ठरवलं, रिझोनिंगचा अर्ज गेला, 1971 मध्ये सुनावण्यांना तुफान गर्दी झाली आणि काही जण सरळ 'सामाजिक मुद्द्या'वर, म्हणजे तिथे कोण राहायला येणार यावर बोलले. बोर्डाने 6 विरुद्ध 1 ने अर्ज फेटाळला. 1977 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, भेदभावाचा हेतू सिद्ध झालेला नाही, नुसता परिणाम असमान आहे हे घटनेखाली पुरेसं नाही. तेव्हापासून अशा केसेसमध्ये सुनावणीत कोण काय बोललं, मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) काय नोंदलं, याला पुराव्याचं महत्त्व आलं. माइकवर बोलणाऱ्याला आपण कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये बोलतोय हे बहुतेकदा ठाऊकही नसतं.

त्याच सुमारास वायव्येकडे वेगळाच बदल होत होता. वॉशिंग्टन राज्यात ग्वेमिस बेटावर ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी रिझोनिंग झालं, आणि तिथल्या प्लॅनिंग कमिशनने कारखान्याच्या बाजूच्या लोकांना बंद खोलीत भेट दिली, विरोधकांना बाहेर ठेवून. 1969 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रिझोनिंग उडवलं, सुनावणी निष्पक्ष असून भागत नाही, ती तशी दिसलीही पाहिजे असं तत्त्व तिथे रुजलं. मग 1973 मध्ये ओरेगॉनचा फसानो निकाल. मोबाइल होम पार्कसाठी (हलवता येणाऱ्या घरांच्या वसाहतीसाठी) 32 एकरांचं रिझोनिंग, शेजारच्या घरमालकांनी आव्हान दिलेलं. कोर्टाने सांगितलं की एका ठरावीक जागेचं झोनिंग बदलणं हे कायदा करणं नाही, हा न्यायनिवाड्यासारखा प्रकार आहे, म्हणून दोन्ही बाजूंना पुरावा मांडायची आणि खोडायची संधी हवी, निर्णय देणाऱ्यांनी आधी कोणाशी खासगी बोलणं केलेलं नसावं, रेकॉर्ड हवं आणि कारणं लिहून द्यायला हवीत. डेन्व्हरच्या त्या दोन निकालांमधला जुना प्रश्न निदान ओरेगॉनपुरता सुटला.

सगळी राज्यं मात्र त्या वाटेने गेली नाहीत. फ्लोरिडाने 1993 मध्ये साधारण तसंच धरलं, पण कॅलिफोर्नियाने 1980 मध्येच सांगून टाकलं की प्लॉट कितीही छोटा असो, रिझोनिंग म्हणजे कायदाच करणं. त्यामुळे एका राज्यात तुमच्या कौन्सिल सदस्याला सुनावणीआधी फोन केलात तर ते उघड करावं लागतं किंवा अंगाशी येतं, आणि दुसऱ्या राज्यात तो फोन करणं हे चांगल्या नागरिकाचं काम. शहर बदललेल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो आणि तो त्यांचा दोष नाही. ओहायोतल्या ईस्टलेकमध्ये तर नियम होता की प्रत्येक रिझोनिंग मतदारांपुढे न्यायचं आणि 55 टक्के मतं मिळवायची, 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही चालेल म्हटलं. तिथे सुनावणीत काहीही होवो, शेवटी मतपेटीच.

आत्ताचा वाद हा याच सगळ्याचा पुढचा भाग. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या जवळजवळ शंभर गावांच्या प्लॅनिंग आणि झोनिंग बोर्डांची मिनिट्स काढून, बोलणाऱ्यांची नावं मतदारयादीशी ताडून पाहिली. बोलायला येणारे लोक बाकीच्या मतदारांपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष, स्वतःचं घर असलेले आणि जुने रहिवासी निघाले, आणि नव्या घरांना विरोध करणारे पाठिंबा देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. कलम 4 चं दार सगळ्यांना उघडं होतं पण आत कोण येतं ते यातून दिसतं. त्यात टपालाने जाणारी नोटीस बऱ्याच ठिकाणी कराच्या यादीवरच्या मालकाच्या नावावर जाते, समोरच्या अपार्टमेंटमध्ये दहा वर्षं राहणाऱ्या भाडेकरूला तारीखच कळत नाही. आणि जे त्या नव्या घरांत राहायला येणार आहेत ते अजून दुसऱ्याच गावात असतात, त्यांना तर कोण विचारणार. मी शेजाऱ्यांना खलनायक ठरवत नाहीये, नाल्याची क्षमता किंवा धोकादायक वळण याची माहिती कित्येकदा त्यांच्याकडूनच येते आणि ती ऐकायलाच हवी. पण माहिती देणं वेगळं आणि बाजू जड करणं वेगळं.

राज्यं आता वेगवेगळ्या बाजूंनी हात घालतायत. कॅलिफोर्नियाने 2019 च्या कायद्याने, नियमात बसणाऱ्या घरबांधणीच्या प्रकल्पावर पाचपेक्षा जास्त सुनावण्या घ्यायला बंदी केली. माँटानाने 2023 मध्ये मोठ्या शहरांसाठी लोकांचा सहभाग आराखडा ठरवतानाच घ्यायचा आणि नंतर प्लॉटगणिक वाद टाळायचा असा मार्ग धरला. कलम 5 ला थेट हात घातला नॉर्थ कॅरोलायनाने, 2015 मध्ये विरोध-अर्जाची ती तरतूदच काढून टाकली. टेक्सासमध्ये गोष्ट जास्त चिघळली, ऑस्टिनने सगळ्या शहराचे झोनिंग नियम नव्याने लिहायला घेतले तेव्हा घरमालक कोर्टात गेले, आम्हाला प्रत्येकाला नोटीस हवी होती आणि आमचा विरोध मोजायला हवा होता म्हणून, आणि 2020 मध्ये खालच्या कोर्टात आणि 2022 मध्ये अपिलातही ते जिंकले. एका प्लॉटसाठी लिहिलेला नियम अख्ख्या शहराला लागला. मग 2025 मध्ये तिथल्या विधिमंडळाने जास्त घरांना वाव देणाऱ्या बदलांसाठी विरोधाची अट 20 वरून 60 टक्क्यांवर नेली. सह्या मात्र अजूनही मालकांच्याच मोजल्या जातात.