उशा वाढल्या, वजन वाढलं: हृदय थकल्याच्या खुणा

‘दम लागतो का?’ या प्रश्नाला घरातली वडीलधारी माणसं बहुधा ‘नाही’ म्हणतात. खोटं नसतं ते. जिना चढणं त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं, भाजी नातू आणतो, देवळापर्यंतची फेरी अंगणावर आलेली असते. म्हणून विचारायचं ते असं: सहा महिन्यांपूर्वी जमत होतं आणि आता टाळता, असं काय आहे? हार्ट फेल्युअरचा माग अनेकदा इथूनच लागतो.

या आजारात हृदय बंद पडत नाही. गरजेइतकं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. मूत्रपिंडांना वाटतं, शरीरातलं पाणीच आटलं. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पुढची बरीच लक्षणं या साठलेल्या पाण्याची.

दिवसा ते पायांत उतरतं. संध्याकाळी नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला, तर सूज पाण्याची. (रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात, मूत्रपिंड-यकृताच्या आजारांतही.) रात्री आडवं झालं की हेच पाणी रक्तात परततं आणि फुप्फुसांवर ताण येतो. एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. मध्यरात्री गुदमरून जाग येते, उठून बसल्यावर बरं वाटतं. आडवं होताच येणारा खोकला आणि लघवीसाठी रात्री सारखं उठणं यांमागेही तेच असू शकतं. पण खोकल्याचं औषध आणि प्रोस्टेटची शंका यांत महिने निघून जातात. दोन घासांत पोट भरलं की आपण ‘गॅस’ म्हणून मोकळे! चपलेचा पट्टा लावायला वाकल्यावर लागणारी धाप तर इतकी दुर्लक्षित होती, की तिला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं ते २०१४ मध्ये.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो वजनकाटा. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे. अशा वेळी लोणचं-पापड आणि मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांचीही चौकशी करावी. त्या शरीरात मीठ-पाणी अडवतात.

आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ‘नॉर्मल’ आलं म्हणून विषय संपत नाही. हृदय ताठर होऊन नीट भरत नसेल, तरी हीच लक्षणं दिसतात. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या वयस्कर स्त्रियांत विशेषकरून.

बसल्याजागी धाप, गुलाबी फेसाळ थुंकी, निळसर ओठ किंवा छातीत दुखणं असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला आडवं न करता बसतं ठेवावं आणि १०८ला फोन लावावा.