फायबरची टाकी आणि सिरॅमिक कंपोझिट: पकड कुठं घट्ट, कुठं बेतानं

कुपवाड एमआयडीसीत एफआरपीची (काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकची) टाकी बनताना ज्यानं पाहिलीय, त्याला मी फायबरबद्दल काय सांगणार? काचेच्या धाग्यांची मॅट, वरून रेझिन (घट्ट होणारं चिकट द्रव), रोलर मारून हवा काढायची. रेझिनची धाग्यावरची पकड जितकी घट्ट तितका माल चांगला.

गोची पुढं होते. हाच नियम उचलून लोक सिरॅमिक कंपोझिटला, म्हणजे धागे घातलेल्या सिरॅमिकला लावतात. सांगलीत इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा, उत्तर ठरलेलं: ‘बाँड स्ट्राँग पाहिजे.’ नको रे बाबांनो!

रेझिन काचेच्या धाग्यापेक्षा कितीतरी लवचिक, ते भार धाग्याकडं पोचवत राहतं. सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचं मॅट्रिक्स (धाग्यांभोवतीचा भराव) मात्र धाग्याच्या आधी तडकतं. तडा धाग्यापाशी आला आणि पकड पक्की असली, की तो धागा कापून सरळ पलीकडं जातो. इतके महागडे धागे घालून तुकडा फुटतो कपबशीसारखा. म्हणून धाग्यावर बोरॉन नायट्राइडचा पातळ थर देतात, बहुधा मायक्रॉनपेक्षाही कमी. तडा तिथं वळतो आणि धाग्याच्या कडेनं पळतो. शाबूत धागे भेग धरून ठेवतात. तुटले तरी खोबणीतून घासत बाहेर येतात, त्या घासण्यात ऊर्जा जिरते. जुन्या वाड्याची मातीची भिंत आठवा, भेगेच्या आरपार भुशाच्या काड्या दिसतात ना, तसंच. अगदीच सैल सोडलं तर धाग्यावर भार येतच नाही, म्हणून ‘बेतानं’.

ऑक्साइड कंपोझिटमध्ये (अ‍ॅल्युमिनासारख्या ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये) तर थरही नसतो बऱ्याचदा. मॅट्रिक्सच मुद्दाम सच्छिद्र ठेवतात, तडा त्या भुसभुशीतच विरतो. टाकीत बुडबुडा दिसला तर आपण माल परत पाठवतो!

आणि याला ‘मजबूत’ म्हणू नका, त्या शब्दानं अर्धा गोंधळ होतो. अ‍ॅल्युमिनाची साधी टाइलही कठीण असते. धाग्यांनी येतो तो चिवटपणा.

तापमानाचा फरक उघड आहे: साधं पॉलिस्टर रेझिन 200 अंशांनाही टिकत नाही, सिलिकॉन कार्बाइडचं कंपोझिट हजाराच्या वर चालतं. 2016 पासून प्रवासी विमानांच्या लीप इंजिनात टर्बाइनच्या श्राउडला (पात्यांभोवतीच्या कड्याला) तेच आहे.

घात मात्र मधल्या तापमानाला होतो. 800 अंशांच्या आसपास तड्यांतून हवा आत शिरते, धाग्यावरचा थर खाल्ला जातो, त्या जागी काच साचते आणि धागा मॅट्रिक्सला चिकटतो. मग भाग ठिसूळ होऊन तुटतो, आणि रिपोर्टात कुणीतरी लिहितंच, ‘बाँड कमी पडला.’ तो वाढला होता.