तारेवरचा कॅप्टन मार्व्हल

रिपब्लिक पिक्चर्स या अमेरिकी चित्रपट कंपनीला खरं तर सुपरमॅन हवा होता. हक्कांची बोलणी फिसकटली, तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेल्या पटकथेत फेरफार करून कंपनीने १९४० मध्ये दुसरीच सिरियल (म्हणजे चित्रपटगृहात भागाभागांनी दाखवली जाणारी चित्रमालिका) काढली. मग तिने मोर्चा वळवला फॉसेट या प्रकाशनाच्या कॉमिकमधल्या कॅप्टन मार्व्हलकडे. बिल पार्कर यांनी लिहिलेला आणि सी. सी. बेक यांनी चितारलेला हा नायक तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता. बिली बॅटसन नावाचा पोरगा ‘शझॅम’ म्हणतो, धुराचा लोट उठतो आणि त्यातून धिप्पाड कॅप्टन बाहेर येतो.

१९४१ च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’चा पहिला भाग लागला. एकूण बारा भाग, दर आठवड्याला एक. कॉमिकमधला सुपरहिरो हाडामांसाच्या नटाच्या रूपात पडद्यावर आला तो इथे पहिल्यांदा. दिग्दर्शक होते विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश, बिली झाला होता फ्रँक कॉगलन आणि कॅप्टन टॉम टायलर. (आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघरी पोचलेला वेताळही याच टायलरने पुढे १९४३ च्या सिरियलमध्ये रंगवला.)

आज ही सिरियल बघण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तिच्यातलं उड्डाण. हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी कागदाच्या लगद्याचा सुमारे सात फुटी पुतळा केला, म्हणजे माणसापेक्षा थोडा मोठाच. छाती पुढे काढलेली, हात पसरलेले. खांदे आणि पोटऱ्यांपाशी बारीक तारा, त्यांवर कप्प्या. वरून सोडला की तो स्वतःच्या वजनाने सरसर घरंगळत येई. वर झेपावताना दाखवायचा असेल, तर पुतळा उलटा सरकवायचा आणि फिल्म मागून पुढे चालवायची. झगा नीट लोंबावा म्हणून त्याला वजन लावलेलं असे. पुतळा थांबला की पुढच्याच शॉटमध्ये डेव्ह शार्प हा स्टंटमन उंचावरून झेप घेऊन उतरतो. दोन शॉटमधला सांधा इतका बेमालूम जुळलाय की माहीत असूनही डोळा फसतो. खरी वस्तू खऱ्या उन्हात, खऱ्या डोंगरांवरून जाते आहे, हे जाणवतं. मला तरी हे उड्डाण पुढच्या कित्येक चित्रपटांपेक्षा जास्त पटतं.

कथा मात्र तशी नाही. सयाममधल्या (आजच्या थायलंडमधल्या) थडग्यात भिंगं बसवलेला सोन्याचा विंचू सापडतो. त्याची भिंगं शास्त्रज्ञ आपसात वाटून घेतात आणि ‘स्कॉर्पियन’ नावाचा बुरखाधारी खलनायक ती मिळवायला एकेकाला संपवत जातो. तो बुरखेवाला कोण, हे शेवटपर्यंत झुलवत ठेवलंय आणि ते जमलंयही. पण मधले भाग पाठोपाठ बघितले तर तीच ती मारामारी वाटते. आठवड्याच्या अंतराने बघायच्या वस्तूचं ते होणारच. सयाममधली माणसं ज्या तुच्छतेने दाखवली आहेत, ती मात्र कशानेही समर्थनीय ठरत नाही. पहिल्याच भागात पळून जाणाऱ्या टोळीवाल्यांवर कॅप्टन मशीनगन रोखून गोळ्या झाडतो. नायकाचं हे रूप बघताना अंगावर काटा येतो.

सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने कॅप्टन मार्व्हल बंदच केला. सुपरमॅनची स्वतःची सिरियल १९४८ साली कोलंबियाने काढली. तिच्यात कर्क ॲलिन उडायच्या बेतात येतो आणि त्याच्या जागी पडद्यावर कार्टूनचं चित्र उडू लागतं.