सारनाथचा उभा स्तूप आणि आडवा स्तूप

सारनाथहून परतलेल्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. खाली ओळ: ‘अशोकाने बांधलेला, अस्थी असलेला स्तूप.’ फोटो धामेक स्तूपाचा, ओळ मात्र शोभते धर्मराजिका स्तूपाला. नावं जवळची, आवारही एकच, त्यामुळे गल्लत होतेच.

धामेक म्हणजे तो भलाथोरला दंडगोल. पायापासून सुमारे ४३ मीटर उंच, व्यास २८ मीटर. खाली दगड, वर विटा. आज दिसतं ते काम मुख्यतः गुप्तकाळातलं. जवळ जाऊन कोरीव पट्टा नक्की पाहा: भौमितिक नक्षी, वेली, मध्येच एखादा पक्षी. १८३५ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने माथ्यापासून थेट तळापर्यंत विहीर खणावी तसं खणलं. वरच्या भागात ‘ये धम्मा’ या बौद्ध वचनाची शिळा मिळाली, खाली जुन्या विटांचं बांधकाम लागलं. अस्थी मात्र नव्हत्या.

अस्थी होत्या त्या धर्मराजिकेत. मूलगंधकुटीच्या, म्हणजे जुन्या मुख्य मंदिराच्या अवशेषांच्या, दक्षिणेला विटांचा बुटका गोल चौथरा दिसतो ना, लोक ज्याच्या कडेने धामेककडे झपाझप निघून जातात, तोच हा. गाभा अशोककाळचा मानतात. पुढच्या शतकांत त्यावर एकावर एक आवरणं चढत गेली. १९०७-०८च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलला ती कांद्याच्या पाकळ्यांसारखी उलगडता आली.

पण उलगडायला उरलं होतं किती? १७९४ साली बनारसच्या जगत सिंग यांच्या माणसांनी बाजारपेठ बांधायला विटा हव्यात म्हणून हा स्तूप उपसला. तीच पेठ आजचं जगतगंज. आत दगडी पेटी, तिच्यात हिरवट संगमरवरी करंडक, करंडकात अस्थी आणि मोती. अस्थी गंगेत सोडल्या. सोडणाऱ्यांच्या लेखी ते पुण्यकर्मच असणार, आपल्याला आज कितीही हळहळ वाटो. हे सगळं कळतं ते बनारसचा तेव्हाचा रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी) जोनाथन डंकन याने लिहून ठेवलं म्हणून. हाच डंकन १७९५ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे.

बाहेरची दगडी पेटी मात्र तिथेच पडून राहिली होती. चाळीसेक वर्षांनी कनिंगहॅमने ती हुडकली आणि कलकत्त्याला धाडली.