पोटात शिरलेला कॅमेरा: ऑलिंपसची गोष्ट

पोटाचं दुखणं बरेच दिवस हटत नसलं की डॉक्टर म्हणतात, दुर्बीण टाकून बघूया. घशातून ती काळी नळी आत जाते आणि समोरच्या स्क्रीनवर जठराची आतली बाजू दिसायला लागते. ती नळी ऑलिंपसची असण्याची शक्यता बरीच आहे, कारण पोटाच्या एंडोस्कोपच्या, म्हणजे या दुर्बिणीच्या, जागतिक बाजारात साधारण 70 टक्के वाटा या एकट्या जपानी कंपनीचा धरतात. ऑलिंपस म्हटलं की आपल्याला फोटोचे कॅमेरे आठवतात, पण मला विचाराल तर या कंपनीचं सगळ्यात मोठं काम हेच, पोटात कॅमेरा घालायचं.

सुरुवात झाली मायक्रोस्कोपपासून. 1919 साली ताकेशी यामाशिता यांनी टोकियोत ताकाचिहो सेइसाकुशो नावाने कंपनी काढली. तेव्हा जपानमधल्या लॅबमध्ये चांगले मायक्रोस्कोप यायचे ते मुख्यतः जर्मनीतून, म्हणून यांनी ठरवलं की इथेच बनवायचे, आणि पुढच्याच वर्षी 'आसाही' नावाचा पहिला मायक्रोस्कोप बाजारात आणला. सोबत थर्मामीटरही बनवायचे. ऑलिंपस हा ट्रेडमार्क 1921 चा, आणि स्वतःची झुइको लेन्स लावलेला पहिला फोटो कॅमेरा आला थेट 1936 मध्ये. म्हणजे फोटोग्राफीत उतरायच्या आधी दीडेक दशक हे लोक बारीक भिंगं घासत होते, आणि माझ्या मते पुढे तीच सवय कामी आली.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये जठराच्या कॅन्सरने खूप माणसं जायची. एक्स-रे मध्ये गाठ दिसायची पण तोवर उशीर झालेला असायचा. आतून बघायचं तर तेव्हाचे गॅस्ट्रोस्कोप बरेचसे ताठ, पेशंटचे हाल व्हायचे आणि अन्ननलिकेला इजा होण्याची भीती वेगळीच. तेव्हा टोकियो विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधले एक तरुण सर्जन, तात्सुरो उजी, ऑलिंपसकडे आले आणि म्हणाले, जठराच्या आत जाऊन फोटो काढेल असा कॅमेरा बनवता येईल का? हे 1949 साल, युद्धात होरपळलेला देश, आणि तरी कंपनीतल्या मुत्सुओ सुगिउरा यांनी हे काम अंगावर घेतलं. याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

1950 मध्ये जो गॅस्ट्रोकॅमेरा तयार झाला त्याची रचना बघण्यासारखी आहे. लवचिक नळीच्या टोकाला एवढीशी लेन्स, तिच्याजवळ एक चिमुकला बल्ब, आणि आतच काही मिलिमीटर रुंदीच्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मची पट्टी. बाहेरून डॉक्टर बल्ब पेटवायचा, की तेवढ्या उजेडात एक फोटो, मग तार ओढली की फिल्म पुढे सरकायची. समोर काय आहे ते बघायची खिडकी, व्ह्यूफाइंडर, नाहीच! कॅमेरा आत नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून खोलीत अंधार करायचे आणि बल्ब पेटल्यावर पोटाच्या कातडीतून जो उजेड बाहेर दिसायचा त्यावरून अंदाज बांधायचे. फोकस करायला तर काही साधनच नव्हतं, पण इथे भौतिकशास्त्राने साथ दिली, कारण फोकल लेंथ, म्हणजे लेन्सपासून ती प्रकाश जिथे एकवटते तिथपर्यंतचं अंतर, फार कमी असली की डेप्थ ऑफ फिल्ड आपोआप वाढते, जवळची भिंत आणि जरा लांबची भिंत दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात.

अडचण एकच, काय टिपलं ते फिल्म धुतल्यावरच कळायचं. त्यावरचा उपाय फायबर ऑप्टिक्समधून आला, आणि तिथे आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी भेटतात. त्यांनी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं की केसाहून बारीक काचेच्या हजारो तंतूंची जुडी करून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेता येतं, फक्त प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच राहिली पाहिजे. प्रकाश तंतूच्या आत भिंतीवर आपटत आपटत पुढे जातो, बाहेर सुटत नाही, म्हणून नळी वळवली तरी चित्र पोचतं. 1957 मध्ये अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ यांनी यावर चालणारा गॅस्ट्रोस्कोप आणला आणि 1964 मध्ये ऑलिंपसने गॅस्ट्रोकॅमेऱ्यालाच फायबरस्कोप, म्हणजे अशा तंतूंची दुर्बीण, जोडला. आता बघत बघत फोटो काढता यायला लागले. 1980 च्या दशकात टोकावर इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला आणि फिल्म गेलीच.

इकडे फोटोचे कॅमेरेही जोरात होते. योशिहिसा माइतानी या इंजिनियरचा 1959 चा पेन कॅमेरा अर्धी फ्रेम वापरायचा, त्यामुळे 36 च्या रोलमध्ये 72 फोटो, आणि स्वस्तात बनवायचा असूनही लेन्समध्ये त्यांनी काटकसर केली नाही. 1972 चा त्यांचा एम-1, जो लायका या जर्मन कॅमेरा कंपनीच्या आक्षेपामुळे पुढे ओएम-1 झाला, तेव्हाच्या बोजड एसएलआरच्या, म्हणजे आरशातून थेट लेन्समधलं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, मानाने फारच सुटसुटीत होता.

2011 मात्र वाईट गेलं. जुन्या गुंतवणुकीतला तोटा वर्षानुवर्षं हिशेबात लपवलेला होता, त्यावर प्रश्न विचारणाऱ्या मायकेल वुडफर्ड या सीईओलाच काढून टाकलं, आणि मग सगळं प्रकरण बाहेर आलं. पुढे 2021 च्या सुरुवातीला कॅमेऱ्यांचा धंदा वेगळा होऊन ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, 2023 मध्ये मायक्रोस्कोपचा विभागही विकला, ज्याने सुरुवात केली होती तोच. एंडोस्कोप मात्र ठेवला.

आणि त्यातलं संशोधन चालूच आहे. नॅरो बँड इमेजिंगमध्ये पांढऱ्या उजेडाऐवजी 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा निळा आणि हिरवा प्रकाश टाकतात, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका तोच जास्त शोषतं. निळा वरच्या थरापुरता राहतो, हिरवा जरा खोल जातो. मग वरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी आणि खालच्या मोठ्या निळसर-हिरव्या दिसतात, आणि वाढायला लागलेला कॅन्सर स्वतःसाठी रक्तवाहिन्यांची जी वेडीवाकडी जाळी तयार करतो ती डॉक्टरला आजूबाजूच्या निरोगी भागातून वेगळी ओळखता येते.